थोडीशी थंडी

सासूबाईंनी दोन स्वेटर, त्यावर माझं जुनं जाकीट आणि त्यावर शाल असं सगळं अंगावर चढवलं होतं, आणि त्या रेडिएटरला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या. रेडिएटर गारठगार होता.

"अहो आई, उठा तिथून. तो चालू नाहीये."

"माहितीये गं. पण कधी झालाच चालू, तर मला आधी कळेल."

असं म्हणून त्या हसल्या. मला हसू आलं नाही. मला राग आला, आणि तो पुढे बरेच दिवस गेला नाही. आजही हे लिहिताना तो पूर्ण उतरलाय असं मी म्हणणार नाही.

नवऱ्याच्या ऑफिसनं आम्हाला तोक्योहून साप्पोरोला हलवलं होतं. तोक्योत आम्ही ओजिमाला राहायचो. तिथं खालच्या मजल्यावर गुजराती कुटुंब, पलीकडच्या इमारतीत दोन मराठी घरं, कोपऱ्यावर तूरडाळ मिळणारं दुकान. थंडी पडायची, पण एसीचं गरम वारं सोडलं की भागायचं. साप्पोरोला एसीनं काही होत नाही. तिथल्या घरात न्हाणीघराशेजारी एक बारकी खोली असते, तिच्यात रॉकेलवर चालणारा बॉयलर. बॉयलरमध्ये तापलेलं पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून प्रत्येक खिडकीखालच्या रेडिएटरमध्ये जातं, खोली तापवतं आणि परत बॉयलरकडे येतं. घर दाखवायला आलेला फुदोसानचा, म्हणजे घरं भाड्यानं देणाऱ्या एजन्सीचा माणूस मोठ्या कौतुकानं म्हणाला होता, "इथले लोक हिवाळ्यात घरात नुसत्या टी-शर्टात बसून आइस्क्रीम खातात."

ऑक्टोबरात आम्ही राहायला आलो तेव्हा रेडिएटर कोमट व्हायचे. आम्हाला वाटलं, एवढंच होत असेल. डिसेंबरात सासूबाई पुण्याहून आल्या. सासरे गेल्यानंतर त्या एकट्याच होत्या आणि "एकदा बर्फ बघते आणि मग काही मागत नाही" असं फोनवर सारखं म्हणायच्या. बर्फ त्यांनी मनसोक्त बघितला. त्या आल्या आणि आठवड्याभरात रेडिएटर एकेक करून गार पडत गेले. शेवटी फक्त बाहेरच्या खोलीतला, बॉयलरच्या सगळ्यांत जवळचा, हात लावला तर जरा ऊब लागेल इतपत राहिला. सासूबाईंची खोली सगळ्यांत लांब. तिथं खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरायला लागला.

इथं मला माझ्याबद्दल एक सांगायला हवं. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी पुण्यात पंप बनवणाऱ्या कारखान्यात टेस्टिंगला होते. पाणी नळीतून का जात नाही, हे शोधणं हेच माझं काम होतं. जपानला आल्यावर ते सुटलं. इथं मी बेंतो, म्हणजे जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात बाइतो करते. अर्धवेळ काम. पट्ट्यावरून डबे पुढे सरकतात, त्यात आपण लोणच्याची फोड टाकायची. पण हात विसरत नाहीत.

मी एका सकाळी पाना आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. आधी सगळ्या रेडिएटरचे फिरवायचे नॉब पूर्ण उघडले. काही नाही. मग प्रत्येक रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातला छोटा स्क्रू सैल करून हवा अडकलीये का बघितलं. थोडी फुसफुस झाली आणि लगेच गुलाबी पाणी आलं. म्हणजे हवा नाही. पाण्यात ते गोठू नये म्हणून औषध घातलेलं असतं, त्याचा तो रंग. मग नॉब काढून आतली व्हॉल्वची पिन दाबून पाहिली. उन्हाळाभर बंद राहिली की ती अडकते. इथं सगळ्या मऊ चालत होत्या. मग मी बॉयलरच्या खोलीत गेले. बॉयलर पेटायचा, गुरगुरायचा आणि चहाला आधण यायच्या आत विझायचा. थोड्या वेळानं परत पेटायचा. बाहेर जाणारी नळी सुरुवातीला हात भाजेल अशी, वीतभर पुढे कोमट. परत येणारी नळी बर्फ. स्क्रू ड्रायव्हरचं टोक बॉयलरच्या पत्र्यावर पंपाच्या जागी टेकवलं आणि दुसरं टोक कानाला लावलं. मोटर गुणगुणत होती. पाण्याचा आवाज नव्हता.

निदान झालं होतं. मोटर फिरतेय, पण आतली पाणी ढकलणारी चकती फिरत नाहीये. बॉयलर स्वतःपुरतं पाणी तापवतो, ते पुढे जात नाही म्हणून घाबरून विझतो. पंप बदला, घर तापेल. बॉयलर भाड्याच्या घराचा होता, त्याला मी हात लावला आणि काही झालं तर जबाबदारी आमची, म्हणून मी तिथं थांबले. नाहीतर मी तो पत्रा तेव्हाच उघडला असता.

"फोन कर आणि सांग, पंप गेलाय," मी नवऱ्याला म्हटलं.

त्यानं फोन केला. त्याचं जपानी उत्तम आहे. परीक्षा देऊन शिकलेलं, मीटिंगांत घासून गुळगुळीत केलेलं. माझं जपानी डबे भरताना शेजारच्या बायकांकडून उचललेलं, तोडकं, पण कानाला सगळं समजतं. तो फोनवर आधी ऋतूबद्दल बोलला. मग त्यांच्या कामात व्यत्यय आणल्याबद्दल माफी मागितली. आणि मग म्हणाला की घरात चोत्तो गार वाटतंय.

चोत्तो म्हणजे थोडं. थोडंसं. जरासं.

मी त्याची बाही ओढली. "चोत्तो काय? अजिबात चालत नाही म्हण. पंप म्हण."

त्यानं फोनवर हात ठेवला. "अगं, इथं असंच बोलायचं असतं. त्यांना बरोब्बर कळतं."

त्यांना कळलं नाही. किंवा कळलं आणि सोयीचं नव्हतं. पाच-सहा दिवसांनी तो घर दाखवणारा माणूस आला. तरुण, नम्र, बूट काढून ते दाराकडे तोंड करून नीट लावून ठेवणारा. अंगात गुबगुबीत जाकीट, ते त्यानं काढलं नाही. भिंतीवरच्या डब्यावर तापमान वाढवलं आणि माझ्या नवऱ्याला बटणं कशी दाबायची ते समजावलं. मी त्याला बॉयलरकडे नेलं आणि माझ्या जपानीत म्हटलं, "ही नळी गरम. ही नळी गार. पंप वाईट." त्यानं मान डोलावली आणि माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाला, "भारतातल्या लोकांना थंडी जरा जास्तच वाजते, नाही का?"

आणि माझा नवरा हसला.

ते हसू मला अजून ऐकू येतं. खरं म्हणजे हसण्यासारखं काही झालं नव्हतं. समोरच्याला बरं वाटावं म्हणून माणूस हसतो, ते हसू. मी तिथं हातात पाना घेऊन उभी होते आणि दोन पुरुष माझ्या देशाच्या हवामानावर हसत होते. "थोडे दिवस बघू या," असं म्हणून तो एजन्सीवाला गेला.

थोडे दिवस बघितले. तेलाची बाटली रात्रीतून दगड व्हायची. कणीक मळली तर तिंबली जायची नाही. एका सकाळी स्वयंपाकघराचा नळ गोठला. सासूबाई तोंडातून वाफ सोडत पूजा करायच्या आणि वाफ दिव्यावर जाऊन दिवा फडफडायचा. परत फोन झाला. परत ऋतू, परत माफी, परत चोत्तो. या वेळी तो माणूस विजेवर चालणारा एक छोटा हीटर घेऊन आला आणि जणू भेट द्यावी तसा दोन्ही हातांनी देऊन गेला. त्या संध्याकाळी हीटर चालू असताना मी भाताचा विजेवरचा कुकर लावला आणि अख्ख्या घराची वीज गेली. दोन्ही एकदम चालत नव्हते. म्हणजे भात किंवा ऊब, दोनातलं एक निवडा.

मग सासूबाईंना खोकला झाला. साधा नव्हता, छातीतून येणारा, त्या वाकून जायच्या. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर वयस्कर होते, शांतपणे तपासत होते. त्यांनी विचारलं, "घर नीट गरम ठेवता ना?"

नवरा म्हणाला, "हो, ठेवतो."

मी त्याच्याकडे वळून बघितलं. सासूबाईंना जपानी येत नाही, त्या डॉक्टरांकडे बघून हसत होत्या. मी काही बोलायच्या आत डॉक्टर पुढचं विचारायला लागले. औषधं घेऊन बाहेर आलो आणि पार्किंगमध्ये मी त्याला गाठलं.

"तू डॉक्टरांशी खोटं बोललास."

"मग काय सांगू? घरात हीटिंग नाही? काय वाटेल त्यांना?"

"त्यांना काय वाटेल? आईंना न्यूमोनिया झाला तर तुला काय वाटेल?"

"ओरडू नकोस. लोक बघतायत."

"बघू देत! कोणीतरी बघू दे!"

खरोखरच एक बाई गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडता खरवडता थांबली होती. सासूबाई मास्कच्या आतून म्हणाल्या, "अरे, काय ते गाडीत बसून भांडा. मला इथं उभं राहवत नाहीये." आम्ही गाडीत बसलो. गाडीतला हीटर लगेच चालू झाला. दोन मिनिटांत गरम हवा आली. सासूबाईंनी हातमोजे काढले आणि बोटं जाळीसमोर धरली. आपल्या घरापेक्षा गाडीत जास्त ऊब आहे हे आम्हा तिघांनाही कळलं.

थोड्या वेळानं नवरा गाडी चालवता चालवता म्हणाला, "तुला आठवतं ना, ओजिमाचं घर मिळायच्या आधी किती जणांनी परदेशी नको म्हणून सांगितलं होतं? इथंही तेच झालं. हा एकच मालक हो म्हणाला. तक्रार करणारे लोक असं नाव झालं तर पुढचं घर कोण देईल?"

ते खोटं नव्हतं. घरं दाखवणारे लोक फोनवर मालकाशी बोलताना "परदेशी आहेत, पण" असं म्हणायचे, ते मीही ऐकलेलं होतं. त्या "पण"नंतर काय काय सांगावं लागायचं तेही. तो मुद्दा मला पटला, आणि त्यामुळे माझा राग आणखी वाढला. घर दिल्याचे उपकार म्हणून थंडीत कुडकुडायचं, वर हसायचं. पुण्यात असतो तर हाच माणूस सोसायटीच्या पंपासाठी सेक्रेटरीच्या दारात उभा राहून आवाज चढवायचा.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर मी स्वतः फोन केला. ऋतूबद्दल काही बोलले नाही. कारखान्यात पट्टा बंद पडला की आमची मुकादम बाई जसं बोलते तसं बोलले. "बिघडलंय. सगळं गार आहे. घरात आजारी म्हातारं माणूस आहे. आज या."

पलीकडच्या मुलीनं अतिशय गोड आवाजात विचारलं, "गोशुजिन आहेत का?" गोशुजिन म्हणजे तुमचे यजमान. शब्दशः मालक.

"नाहीत. मी आहे. मला सांगा, किती वाजता येताय?"

दुपारी तो माणूस आला. तोच. मी त्याला वाकून नमस्कार केला, आत घेतलं आणि कुठल्याही चांगल्या घरातल्या बाईनं करावं तसं त्याचं जाकीट मागितलं. आधी तो "नको, नको" म्हणाला. मी हात पुढे करून तशीच उभी राहिले. यजमानीण हात पुढे करून उभी असताना पाहुण्यानं जाकीट द्यायचं नाही, हे त्याला जमणारं नव्हतं. मी ते घेतलं आणि दाराजवळच्या खुंटीला टांगलं. मग त्याला सासूबाईंच्या खोलीत नेलं. "इथं बसा," म्हटलं. "मी चहा करते."

चहा मी सावकाश केला. आलं किसलं. वेलदोडे सोलून कुटले. दूध मंद आचेवर ठेवलं. मधूनमधून खोलीत डोकावत होते. सासूबाई पांघरुणात बसून खोकत होत्या आणि तो समोर चटईवर, पातळ शर्टात, पाय दुमडून बसला होता. पायांत मोजे तेवढे. आधी त्यानं हात मांड्यांखाली घातले, मग काखेत. त्याच्या तोंडातून वाफ येत होती. नाक लाल झालं होतं.

सासूबाईंनी मला हाक मारली. "अगं, हा पोरगा गारठलाय. माझी शाल दे त्याला."

"द्यायची नाही, आई."

"अगं पण..."

"आई, तुमच्या पाया पडते. द्यायची नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग शाल स्वतःभोवती घट्ट लपेटून घेतली.

मी चहा घेऊन गेले. त्यानं कप दोन्ही हातांत धरला आणि तोंडाला न लावता नुसता धरूनच बसला. मी त्याच्यासमोर बसले आणि म्हटलं, "कसं वाटतंय? चोत्तो गार?"

तो कपातल्या वाफेकडे बघत राहिला.

"रेडिएटरला हात लावा."

त्यानं लावला.

"मी भारतात पंपांचं काम करत होते. हा पंप मेलाय. हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं. तुम्ही नवऱ्याकडे बघितलंत." माझं व्याकरण सगळं चुकलेलं असणार. आवाज कापत होता, आणि त्याला वाटलं असेल की थंडीनं कापतोय. "आता इथून दुरुस्तीवाल्याला फोन करा. इथं बसून. माझ्यासमोर."

त्यानं खिशातून फोन काढला. बोटं आखडली होती, नंबर लावायला दोनदा चुकला.

दुरुस्तीवाला दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. पन्नाशीचा, घाईतला माणूस. बरोबर एजन्सीचा तो तरुणही होता. नवऱ्यानं अर्धी सुट्टी टाकली होती, कारण आदल्या दिवशीचं सगळं सासूबाईंनी त्याला रंगवून सांगितलं होतं आणि त्याला काळजी वाटत होती, माझी की त्या माणसाची ते माहीत नाही. दुरुस्तीवाल्यानं बॉयलरचा पत्रा काढला, पंप सोडवला, आतली चकती बाहेर काढली. ती गाळानं काळी पडली होती आणि तिचा आस तुटला होता. तो मान न वळवता, जसं कोणी पावसाबद्दल बोलावं तसं, म्हणाला, "गेल्या हिवाळ्यातच मी सांगितलं होतं ना, हा बदलावा लागेल म्हणून."

बॉयलरच्या त्या खोलीत आम्ही चौघं दाटीनं उभे होतो. तो तरुण खाली जमिनीकडे बघायला लागला.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

तो कंबरेतून वाकला आणि माफी मागायला लागला. अतिशय शुद्ध, अतिशय लांबलचक माफी. माहीत होतं की नव्हतं हे त्यात कुठेच नव्हतं. मी परत विचारलं. तो आणखी खाली वाकला. तेवढ्यात माझ्या मागून नवऱ्याचा आवाज आला, "दाइजोबु..." म्हणजे असू द्या, काही हरकत नाही.

मी वळले आणि मराठीत, आवाज खाली न ठेवता म्हटलं, "दाइजोबु म्हणू नकोस. तू आता एक शब्द बोलू नकोस."

त्या दोघांना मराठी कळली नाही, पण अर्थ सगळ्यांना कळला. दुरुस्तीवाला पंपात डोकं घालून बसला. नवऱ्याचा चेहरा लाल झाला आणि तो खोलीतून निघून गेला. तो तरुण वाकलेलाच होता. मला त्याला धरून सरळ उभं करावंसं वाटत होतं. वाकलेल्या माणसाशी भांडता येत नाही. तो तुमचा राग डोक्यावरून जाऊ देतो.

नवा पंप दुपारपर्यंत बसला. आधी नळ्यांतून टकटक आवाज आला, मग जमिनीखालून काहीतरी वाहत गेल्यासारखा. जळक्या धुळीचा वास सुटला. सासूबाईंच्या खोलीतला रेडिएटर तापला तसा खिडकीवरचा बर्फ वितळून पाणी कट्ट्यावर सांडायला लागलं. त्यांनी शाल काढली, जाकीट काढलं, एक स्वेटर काढला आणि उघड्या हातांनी बिछान्यावर आडव्या होऊन झोपल्या. किती दिवसांनी त्या पाय लांब करून झोपल्या होत्या.

घर तापत होतं आणि मला आत बसवेना. ज्याच्यावर रागवायचं तो मिठाईचा खोका ठेवून, वाकून, गाडीत बसून निघून गेला होता. मी बूट घातले, फावडं घेतलं आणि दारासमोरचा बर्फ काढायला लागले. आमचा काढून झाला. मग कचरा ठेवायच्या जागेपर्यंतचा काढला. मग शेजाऱ्यांच्या फाटकासमोरचा. खांदे भरून आले तरी थांबले नाही. अंगातून घाम निघत होता आणि मी एकटीच मोठमोठ्यानं मराठीत शिव्या देत होते. बर्फात आवाज फार लांब जात नाही, ते एक बरं.

नवरा बाहेर आला. "आत ये गं. छान तापलंय घर."

"तू बस तापत."

तो गेला नाही. दुसरं फावडं घेऊन माझ्यापासून थोडा लांब खणायला लागला. बराच वेळ फक्त फावड्यांचा खरखराट होता. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला तिथं काय बोलायचं ते सुचतच नाही गं. माफीची जपानी वाक्यं पाठ आहेत. भांडायची कोणी शिकवलीच नाहीत."

"माझ्याशी भांडताना बरी सुचतात."

"ती मराठीत असतात."

मला त्याला फावड्यानं मारावंसंही वाटलं आणि त्याची कीवही आली. मी फावडं परत बर्फात खुपसलं. बर्फ परत पडायला लागला होता, आम्ही काढलेल्या जागेवरच. तो म्हणाला, "आईला उद्या मी दवाखान्यात नेतो. डॉक्टरांना काय झालं होतं ते सांगतो."

"मी येणार आहे बरोबर," मी म्हटलं. "मला ऐकायचंय."

तो "ये" म्हणाला. मग आम्ही कोपऱ्यापर्यंतचा रस्ता काढला, आणि आत गेलो तेव्हा आईंनी उठून कुकर लावलेला होता.